नेहमी यानेच उघडा

(या पत्रांत चौकोनी कंसात जे आहे, ते लिहिणारीने टाइप करून मग खोडलेलं होतं. ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे. का, ते पुढे कळेलच. — दोघी)

जा. क्र. उमि/१
गोराई, ९ सप्टेंबर २०२४

विषय: लॅपटॉप मिळाल्याबाबत.

प्रिय उत्तरा,

हसू नकोस. जावक क्रमांक टाकल्याशिवाय माझी बोटं पुढे सरकतच नाहीत. अंधेरीच्या टायपिंग सेक्शनमध्ये तुझ्या शेजारी बत्तीस वर्षं काढली, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी भाजीची यादीसुद्धा मी उजव्या कोपऱ्यात तारीख घालून लिहिते. माझा भाऊ ग्रेगरी म्हणतो, देवाने वर बोलावलं की आमची बहीण आधी संदर्भ क्रमांक विचारेल.

तर बातमी अशी. ग्रेगरीच्या मुलीचं, वेन्डीचं लग्न ठरलं. पंचवीस जानेवारी. मी लग्न केलं नाही, पण मूल वाढवलं नाही असं कोणी म्हणू नये. ही पोर माझ्याच मांडीवर मोठी झाली. ती बोरिवलीला एका वकिलाकडे करारांचे मसुदे बघते. तिने तिचा जुना लॅपटॉप मला दिला. हे पत्र त्यावरचं पहिलं.

आता मी तिला काय देणार? सोनं तिच्या आईने केलंय. मी गाणी देणार. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बाया उंबराच्या पाण्याला जातात. पुढे बँड, मागे बाया, डोक्यावर घडा. विहिरीवरून नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं. त्या वेळी म्हणायची गाणी आता गावात पाच म्हाताऱ्यांना येतात, आणि त्यांतली सगळ्यात धाकटी एकोणऐंशी वर्षांची आहे. गेलं वर्षभर मी त्यांच्या ओट्यावर बसून वही भरली. एक्याण्णव गाणी झाली. त्यांचं पुस्तक करायचं आणि चोवीस जानेवारीला विहिरीवर सगळ्यांच्या हातात द्यायचं, असं ठरवलंय.

प्रिंटर म्हणाला, बाई, वही द्या, आमच्याकडे टाइप करून देतात. मी म्हटलं, तुमच्याकडचा शहाणा आमचे शब्द सुधारून ठेवेल. आणि मिनिटाला अडुसष्ट शब्द टाइप करणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या हाताने का टाइप करून घ्यावं? दिवसाला चार गाणी सहज होतील. [एक झालं तरी खूप. उजवा हात कापतो गं. मे महिन्यापासून. कोणाला सांगितलेलं नाही. हे एवढं पत्र मी परवा सकाळी सुरू केलं.]

पत्र फाइल करून जोडलंय. फोनवर चार ओळी खरडण्यात मजा नाही, पत्राला समास हवा.

तुझी,
उर्सुला मिरांडा


जा. क्र. उक/१
मुलुंड (पूर्व), १४ सप्टेंबर २०२४

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उमि/१
विषय: पत्र उघडल्याबाबत.

प्रिय उर्सुला,

वेन्डीला माझा आशीर्वाद सांग. फ्रॉकमध्ये ऑफिसात आली होती आणि माझ्या ड्रॉवरमधले सगळे कार्बन पेपर हाताला फासून गेली होती, तीच ना ही?

तुझं पत्र उघडायला गेले तर कॉम्प्युटरने मलाच प्रश्न टाकला: ही फाइल कशाने उघडायची? माझ्याकडे दोन प्रोग्रॅम आहेत. एक निळ्या चिन्हाचा, जुना, हाताच्या सवयीचा. दुसरा पांढऱ्या चिन्हाचा; माझी सून गंधाली परवा अंधेरीहून गणपतीला आली तेव्हा घालून गेली. खाली बारीक चौकट आणि तिच्यापुढे लिहिलेलं: नेहमी यानेच उघडा. त्या चौकटीत टिक करायची की नाही, यात माझी दहा मिनिटं गेली. नेहमी म्हणजे केवढी मोठी गोष्ट! कर्णिकांना होकार देतानासुद्धा मी इतका विचार केला नव्हता.

शेवटी टिक न करता दोन्हींनी उघडून पाहिलं. निळ्यात तुझं पत्र इतकं स्वच्छ, की जयवंत साहेबांच्या टेबलावर ठेवावं. [पांढऱ्यात तुझं खोडलेलं सगळं लाल अक्षरांत दिसलं, वरून रेघ मारलेलं. माझा जीव गलबलला. उर्सुला, हात डॉक्टरांना दाखवलास का?] पांढऱ्यातही छान दिसलं.

साहेबांची आठवण निघालीच आहे तर, ते पान खिडकीशी कसे धरायचे ते आठवतं ना? टेबलावर साजूक दिसणारं पान उजेडात धरलं की व्हाइटनरचा ठिपका काळा होऊन वर यायचा. "खाडाखोड घरी करा, बाई," म्हणायचे आणि पान परत. सबंध कंपनीत आपल्या सेक्शनच्या कागदाला तोड नव्हती ती त्या खिडकीमुळे.

हे पत्र तुझ्याच फाइलमध्ये, तुझा मजकूर पुसून टाइप करतेय. आपली जुनी पद्धत. चांगला फॉर्म हाताशी असताना नवा कशाला आखायचा?

एक विनंती. माझे हात शिवशिवताहेत. इथे टाइप करायला सोसायटीच्या पाणीकपातीची नोटीस सोडून काही येत नाही. अर्धी गाणी मला दे ना.

तुझी,
उत्तरा कर्णिक


जा. क्र. उमि/२
गोराई, २ ऑक्टोबर २०२४

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उक/१
विषय: विनंती नामंजूर.

प्रिय उत्तरा,

गाणी देणार नाही. रागावलीस तर रागाव.

ऑफिसात मी तुला साधी चिठ्ठी लिहिली तरी तू ती लाल पेनाने सुधारून परत पाठवायचीस. "उर्सुला, असं म्हणत नाहीत गं." आमच्या गावात असंच म्हणतात, बाई. आमची कार्मेलिनमाय सत्त्याऐंशी वर्षांची आहे, ती ओट्यावर बसून म्हणते, "पान्याला चालल्या गो पाची बायो." तुझ्या हाती दिलं तर तू या पाचही बायांना नऊवारी नेसवून मुलुंडच्या हळदीकुंकवाला बसवशील.

आणि मला मदत कशाला? माझी तीस गाणी झालीसुद्धा. [एकवीस.] मी सेक्शन हेड होते, विसरलीस की काय? एक्याण्णव साली दोघींची परीक्षा घेतली होती आणि खुर्ची मला मिळाली होती. [सेक्शन हेड! तू सगळ्यांना सांगायचीस तेच खरं. मी तुझ्या अकरा दिवस आधी नोकरीला लागले, म्हणून ती खुर्ची. तेव्हा मी हसून घालवायचे. आता एका ओळीत चार चुका होतात, तेव्हा वाटतं की मी मुळात तेवढी चांगली कधी नव्हतेच.] अकरा दिवसांनी का होईना, तुझी साहेब होते मी. साहेबाला मदत विचारायची नसते.

पाच म्हाताऱ्यांतली एक परवा गेली. तिची सहा गाणी वहीत आहेत, एवढंच समाधान.

तुझी,
उर्सुला


जा. क्र. उक/२
मुलुंड (पूर्व), ६ ऑक्टोबर २०२४

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उमि/२
विषय: सोबत मिळण्याबाबत.

प्रिय उर्सुला,

बरं, साहेब.

[ते अकरा दिवसांमुळे नव्हतं, उर्सुला. जयवंत साहेबांनी त्या दिवशी] तू माझी साहेब होतीस हे मला चांगलं आठवतं. सीनियॉरिटीचा मान ठेवायचा असतो, तो मी नेहमीच ठेवला.

आता माझं रडगाणं ऐक. माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. घाटकोपरला नसांच्या एक डॉक्टर आहेत, बाई फार चांगल्या आहेत म्हणतात. शनिवारी, एकोणीस तारखेला अकराची वेळ घेतलीय. मुलाला, मुकुलला, आणि गंधालीला सांगितलं तर उगाच घाबरतील, आणि एकटीने जायला मलाच भीती वाटते. तू येशील का सोबत? गोराईहून यायचं म्हणजे बोट आणि काय काय, कळतं मला. पण दुसरं कोणाला सांगू?

तुझी,
उत्तरा


जा. क्र. उमि/३
गोराई, २४ ऑक्टोबर २०२४

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उक/२ आणि आपली वागणूक.
विषय: खुलासा मागण्याबाबत.

उत्तरा,

शनिवारी घाटकोपरला काय झालं ते लिहिते, म्हणजे रेकॉर्डला राहील.

वेळ तुझ्या नावाची. डॉक्टरबाईंनी तुझे हात पाहिले, वाकवले, हातोडीने टिचकी मारली आणि म्हणाल्या, काही नाही. मग तू अगदी साळसूदपणे म्हणालीस, "आलोच आहोत तर हिचेही बघा ना." आलोच आहोत तर! भाजीवर कोथिंबीर मागावी तशी. बाईंनी मला कागदावर गोल काढायला लावले. मग पाण्याचा ग्लास हातात दिला. अर्धा ग्लास माझ्या ड्रेसवर, तुझ्या डोळ्यांसमोर.

वयाचा कंप आहे, भिण्यासारखं काही नाही, गोळीने थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. गोळी सुरू केलीय.

पण तुला कळलं कसं? तुझ्या हाताला मुंग्याबिंग्या काही नाहीत. नंतर उडप्याकडे तू दोन चहा एका हातात घेऊन आलीस, मी पाहत होते. ग्रेगरीला माहीत नाही, वेन्डीला माहीत नाही, मग सांगितलं कोणी? मला कोणाची दया नको आहे. दया घ्यायला मी देवळाच्या पायरीवर बसलेली नाही. [बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना तू माझा हात धरला नाहीस, पर्सचा पट्टा धरलास. मला फार बरं वाटलं.]

गाणी बेचाळीस झाली. [चौतीस.]

उर्सुला मिरांडा


जा. क्र. उक/३
मुलुंड (पूर्व), २७ ऑक्टोबर २०२४

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उमि/३
विषय: खुलासा.

प्रिय उर्सुला,

मला कोणी सांगितलं नाही. फोनवर तुझा आवाज थकलेला वाटला, म्हणून अंदाज केला. एवढंच.

[खोटं. तुला सांगायला हवं की मला सगळं दिसतं. पण सांगितलं की तू लाजेने लिहायची थांबशील. आणि खरं सांगू? तुझं पत्र आलं की मी आधी पांढऱ्याने उघडते. वर लिहितेस ती सेक्शन हेड. माझी मैत्रीण खालच्या लाल ओळींत असते.]

दया नाही केली. तुझी दया करायची माझी काय शामत? चहाचे कप जड नव्हते, म्हणून आणले एका हातात.

गाणी द्यायची असतील तर मी आहे.

तुझी,
उत्तरा


जा. क्र. उक/४
मुलुंड (पूर्व), १० डिसेंबर २०२४

विषय: स्मरणपत्र.

उर्सुला,

सहा आठवडे झाले. फोन उचलत नाहीस. ग्रेगरी म्हणतो, ती बरी आहे, फक्त बोलत नाही. माझं काय चुकलं ते तरी कळव. सेक्शनमध्ये सुद्धा मेमो दिल्याशिवाय कोणाला काढत नव्हते.

उत्तरा


जा. क्र. उमि/४
गोराई, १५ डिसेंबर २०२४

संदर्भ: आपली सर्व पत्रे, पहिल्यापासून.
विषय: खाडाखोड.

उत्तरा,

हे पत्र मी एका बैठकीत लिहितेय आणि एकही ओळ खोडणार नाही. चुका दिसतील. दिसू देत.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेन्डी झालेली गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन ऑफिसात गेली. म्हणाली, आंटी, एकदा छापून बघू कसं दिसतं. तिच्या तिथल्या मशीनवर फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅमने उघडली आणि तिने न बघता छापायला टाकली. संध्याकाळी ती घरी आली ती कागदांचा गठ्ठा छातीशी धरून. प्रत्येक पान लाल. मी चुकलेलं प्रत्येक अक्षर, पुसलेलं, पुन्हा चुकलेलं, पुन्हा पुसलेलं. कार्मेलिनमायच्या एका ओळीला एकोणीस रेघा होत्या, मी मोजल्या. ग्रेगरीने पाहिलं, त्याच्या बायकोने पाहिलं. वेन्डी मला मिठी मारून एवढंच म्हणाली, "हात कापतो तर बोलली का नाहीस गं?" उत्तरा, जयवंत साहेबांनी बत्तीस वर्षांत माझं एक पान परत केलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. तिच्या कामात करार दोन वकिलांकडे फिरतो, म्हणून कोणी काय खोडलं याची नोंद ठेवायची सोय असते. ती तिने चालूच ठेवली होती. माझ्या पडद्यावर ती दिसत नव्हती, इतकंच. लॅपटॉप देताना सांगायला विसरली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्रं! वेन्डीकडून तो दुसरा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर घालून घेतला आणि तुझी पत्रं एकेक करून उघडली. तुझ्या मजकुराखाली माझी जुनी पत्रं लाल होऊन पडलेली होती, कारण तू माझीच फाइल फॉर्म म्हणून वापरलीस, शहाणे! ती नोंद फाइलबरोबर तुझ्या घरी गेली आणि तिथे तुझंही लिहून ठेवत राहिली. माझं पान तू खिडकीशी धरून वाचत होतीस, आणि तुझंही पान त्याच खिडकीशी होतं, हे तुला माहीतच नव्हतं.

आधी मला इतका राग आला की लॅपटॉप खाडीत टाकावा. चोरून वाचलंस तू. दवाखान्याचं नाटक केलंस. मी एकवीस झालेली असताना तीस लिहायचे, आणि तू तिकडे एकवीसच वाचायचीस! सहा आठवडे मी तुला मनातल्या मनात इतके मेमो दिलेत की फाइल पुरणार नाही.

मग परवा पुन्हा वाचलं. "माझी मैत्रीण खालच्या लाल ओळींत असते." हे तू खोडलंस. आणि त्याआधी एक वाक्य अर्ध्यावर खोडलंस. "ते अकरा दिवसांमुळे नव्हतं, उर्सुला. जयवंत साहेबांनी त्या दिवशी". पुढे काय? काय केलं साहेबांनी त्या दिवशी? तेहेतीस वर्षं मी अकरा दिवसांची साहेब म्हणून जगले. कोणी शाबासकी दिली की आत कुठेतरी वाटायचं, ही माझी नाही, कॅलेंडरची आहे. ते वाक्य पूर्ण कर. आणि खोडू नकोस. खोडलंस तरी दिसेल, कारण त्या चौकटीत मी टिक करून टाकलीय: नेहमी यानेच उघडा.

साठ गाणी झाली. ही खरी साठ. एकसष्ट ते एक्याण्णव राहिलीत आणि अकरा जानेवारीला प्रिंटरला फाइल हवी आहे. माझ्याने होणार नाहीत. बघ, लिहिलं. आणि खोडलं नाही.

उर्सुला


जा. क्र. उक/५
मुलुंड (पूर्व), १८ डिसेंबर २०२४

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उमि/४
विषय: ऑगस्ट १९९१.

प्रिय उर्सुला,

माझी सगळी पत्रं मीही पांढऱ्याने उघडून पाहिली. कान धरते. दुसऱ्याच्या साडीचा फाटका काठ बघत बसले आणि माझा पदर मागे जमिनीवर लोळत होता.

आता त्या दिवसाचं. दोघींना टेंडरचं एकच पान दिलं होतं, वीस मिनिटं. तू तेराव्या मिनिटाला कागद काढलास आणि पाणी प्यायला बाहेर गेलीस. मी तुझ्याकडे बघण्याच्या नादात अकराव्या ओळीत चुकले. व्हाइटनरचा ठिपका लावला, फुंकर घातली, वरून टाइप केलं. इतकं बेमालूम की मलाच सापडेना.

साहेबांनी तुझं पान खिडकीशी धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. काही नव्हतं. मग माझं धरलं. अकराव्या ओळीत मुंगीएवढा काळा ठिपका. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "कर्णिकबाई, निकाल तुम्हीच सेक्शनला सांगा." मी म्हटलं, "सांगते सर. मिरांडा सीनियर आहे." ते म्हणाले, "तुम्हाला तसं सांगायचं असेल तर तसं सांगा."

मी तसंच सांगितलं. कँटीनमध्ये सांगितलं, बसस्टॉपवर सांगितलं, तुझ्या निरोप समारंभात माइक हातात घेऊन सांगितलं आणि लोक हसले. तूही हसलीस. मला वाटायचं, हिला खुर्ची मिळाली, आता मी एवढंसं बोलले तर हिचं काय जातं? काय गेलं ते तुझ्या ऑक्टोबरच्या पत्रात खोडलेलं वाचलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सव्वीस तारखेला तुमचा नाताळ उरकला की येते. माझं मशीन आणते. शब्द तुमचे, जसे असतील तसे. लाल पेन घरी ठेवून येईन.

तुझी,
उत्तरा


जा. क्र. उमि/५
गोराई, ८ जानेवारी २०२५

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उक/५ आणि आपला दहा दिवसांचा मुक्काम.
विषय: अखेरचे पान.

प्रिय उत्तरा,

तू गेल्यापासून ओटा सुना झालाय. कार्मेलिनमाय रोज विचारते, "ती मुलुंडची बामणीण कवा येल?" तू बामणीण नाहीस हे मी तिला चार वेळा सांगितलं, ती ऐकत नाही. पण तुझ्यावर खूश आहे. पहिल्या दिवशी तू विचारलंस, "हा शब्द असाच?" आणि ती म्हणाली, "असाच. तू फक्त बटन दाब." त्यावर तू खरंच फक्त बटण दाबलंस, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. तेहेतीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

एक्याण्णवावं गाणं मी माझ्या हाताने केलं. तू आणि वेन्डी मुद्दाम उठून मागच्या दारी गेलात, तेही कळलं मला. पावणेदोन तास लागले. सतरा ओळी. पण शेवटचं अक्षर टाइप केलं तेव्हा मिनिटाला अडुसष्ट शब्दांच्या वेळी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

तू केलेली पानं मी वेन्डीच्या प्रोग्रॅमने उघडून तपासली. खोडलेलं एक अक्षर नाही. तीस गाण्यांत एकही नाही, उत्तरा! साहेबांनी ते पान खिडकीत फ्रेम करून लावलं असतं.

आता कामाचं. शेवटच्या पानावर ओळ टाकलीय: "टंकलेखन: उत्तरा कर्णिक, उर्सुला मिरांडा." अक्षरक्रमाने तुझं नाव आधी येतं. शिवाय तीस गाणी तू दहा दिवसांत केलीस, माझ्या साठांना चार महिने लागले. हरकत असल्यास परवापर्यंत कळव.

आणि हो, तुझा ऑगस्ट १९९१ चा अहवाल मी फाइलला लावला. घटना चांगली लिहिलीस. निकाल तेवढा अजून लिहिलेला नाहीस. असू दे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला आता कळलंय, तेवढं पुरे.

चोवीसला दुपारी तीनपर्यंत विहिरीवर ये. बँड कोणासाठी थांबत नाही.

तुझी,
उर्सुला


जा. क्र. उक/६
मुलुंड (पूर्व), ९ जानेवारी २०२५

संदर्भ: आपले पत्र जा. क्र. उमि/५
विषय: हरकत.

प्रिय उर्सुला,

हरकत आहे.

चोवीसला मी बाराच्या बोटीने येते. पुस्तकांचा गठ्ठा मी उचलेन, घडा तू उचल. कापला हात तर कापू दे, पाणीच सांडेल. गंधालीही येणार म्हणते. तिला सांगितलंय, तिथे ज्या बाईचं पुस्तक सगळ्यांच्या हातात असेल, तिच्या शेजारी तुझी सासू बत्तीस वर्षं बसत होती.

तुझं हे पत्र आलं तेव्हा कॉम्प्युटरने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी दहा मिनिटं घालवली नाहीत. पांढरा निवडला आणि चौकटीत टिक केली.

शेवटच्या पानावरची ओळ अशी हवी: "टंकलेखन: उर्सुला मिरांडा, उत्तरा कर्णिक." तुझं नाव आधी. [सीनियॉरिटीने.] तू माझ्यापेक्षा चांगली होतीस, म्हणून.

तुझी,
उत्तरा